यंत्राला लावलेलं कुंकू

साहेबराव कंडक्टरची अंजली आमच्या वळू केंद्रावर पहिल्या दिवशी आली ती गवंड्याची लेव्हलपट्टी घेऊन. मी दारात खुर्ची टाकून बसलेलो. मला वाटलं, फरशीचं काम बघायला कुणी बाई पाठवली. म्हटलं, "बाई, मिस्त्री उद्या यायचाय. तू कुणाची?"

"अंथुर्ण्याच्या साहेबराव कंडक्टरची. आणि मिस्त्रीकामाला नाही आबा, तपासणीच्या नोकरीला आलेय."

"मग ही पट्टी?"

"टेबल बघायचंय. टेबल कललेलं असलं की थेंब एका अंगाला पळतो."

थेंबालासुद्धा उतार कळतो, हे मला वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळलं. गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो, पुढं ऊस आणि जनावरं यांनीच शिकवलं. पण शिकायची हौस काही गेली नाही. त्या पोरीनं टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली, पट्टीतला बुडबुडा मधोमध आणला आणि खुश होऊन माझ्याकडं बघितलं. तेव्हापासून मी रोज सकाळी तिच्या खोलीत स्टूल अडवून बसायला लागलो.

केंद्र कन्हेरीच्या फाट्यावर. माझा मुलगा विजयसिंह आणि आसपासच्या अकरा जणांनी मिळून काढलेलं, विजयसिंह त्याचा चेअरमन. खिलार वळू सांभाळायचे, त्यांचं रेत घ्यायचं, बारीक नळ्यांत भरून नायट्रोजनमध्ये गोठवायचं. त्या नळीला सगळे कांडी म्हणतात. आमच्या काळी गाय माजावर आली की दोरी धरून तिला वळूकडं न्यायची, त्यात अर्धा दिवस जायचा. एकदा माझ्या चुलत्यानं गाय नेली सणसरला आणि तिथल्या पाव्हण्यांकडं चार दिवस राहिला. गाय गाभण राहिली नाही, चुलत्याचं लग्न मात्र ठरलं. आता वळूच कांडीत बसून मोटारसायकलवरनं दारात येतो.

पण कांडीतलं रेत जिवंत आहे का, हे कुणीतरी बघायला पाहिजे. तेच अंजलीचं काम. नमुन्यातली शंभरातली निदान पन्नास बीजं हलती, पुढं पळती पाहिजेत. तेवढी नसली तर सगळा घाणा, म्हणजे त्या वेळी भरलेल्या सगळ्या कांड्या, टाकून द्यायचा.

तिच्या हाताखाली आलेला मायक्रोस्कोप जुना, एका कॉलेजचा. आणि त्याच्यावर बसवायची तापती प्लेट नवी, पुण्याहून आणलेली. दोघांची एकमेकांशी ओळख नाही. नवरा एका गावचा, नवरी दुसऱ्या गावची, आणि नांदवायचं अंजलीनं. प्लेट बसवली तर ती जाड, वरचं भिंग तिला टेकायला लागलं. तिनं ते भिंग काढून जरा लांबून बघणारं भिंग लावलं. मग उजेड पोचेना, म्हणून खालचं उजेड गोळा करणारं भिंग वर सरकवलं. प्लेटची वायर ताणलेली होती, तिला सैल वेढा दिला. नाहीतर वायर ओढते आणि बघता बघता काच सरकते. डोक्यावरचा पंखा बंद केला. हे सगळं करताना बोलत होती ती माझ्याशी, पण डोळे यंत्रावर.

प्लेटबरोबर एक डबा आला होता, त्याच्यावर तांबडे आकडे. डब्यातून एक केसासारखी काळी वायर निघालेली, टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा मणी. तो मणी तिनं पिवळ्या चिकटपट्टीनं प्लेटच्या कडेला चिकटवला.

"हे काय?"

"हा डब्याचा हात, आबा. डबा प्लेटला हात लावून बघतो, तापली का. गार लागली की वीज सोडतो, तापली की थांबतो."

"म्हंजे सासू."

"सासूच!" ती हसली. "पण सासूवर विश्वास ठेवायचा नाही. डबा सदतीस म्हणतो, पण वरची काच पस्तिसावरच असते. म्हणून काचेला वेगळा थर्मामीटर लावून विचारायचं."

तिनं विचारलं. दोन अंश कमी निघाले. मग डबा एकोणचाळीसवर ठेवला, तेव्हा काच सदतीसला आली. तेवढं व्हायला अर्धा तास लागला. लोखंड ऊब खातं म्हणाली. नुसती प्लेट तापून भागत नाही, वापरायच्या काचासुद्धा अगोदर तिच्यावर मांडून ठेवायच्या.

"एवढी उस्तवार कशापायी गं?"

"गाईच्या पोटात जेवढी ऊब असते तेवढी पाहिजे. गार काचेवर थेंब टाकला की ती गारठून पडतात. जिवंत असून मेल्यासारखी दिसतात."

मला माझी आई आठवली. कोंबडी खुडूक बसली की ती अंडं डोळ्याच्या पापणीला लावून ऊब बघायची आणि म्हणायची, हे निघंल, हे न्हाय निघायचं. एकवीस दिवसांनी तिचं खरं व्हायचं. मी हे सांगितल्यावर अंजलीनं काम थांबवून माझ्याकडं तोंड केलं. "पापणीला? का बरं पापणीला?" म्हटलं, हाताला राकट काम, हाताला काय कळतंय. तिनं एक कोरी काच उचलून स्वतःच्या पापणीला लावून बघितली. असली ती पोरगी. कुणाचंही सांगणं टाकून द्यायची नाही, आधी लावून बघायची.

लासुर्ण्याचे दादासो माझे जुने दोस्त. त्यांचा वजीर नावाचा वळू केंद्रावर होता. पांढराशुभ्र, वशिंड मुठीत न मावणारं. वजीरच्या पहिल्या घाण्याला आम्ही चार म्हातारी माणसं बघायला जमलो, आणि जमल्यावर लाजलो. पोरीसमोर असलं बघायचं म्हणजे! एकजण घसा खाकरतोय, एकजण छताकडं बघतोय. अंजली म्हणाली, "लाजायचं काय त्यात? तुम्ही-आम्ही सगळे असेच तर आलो." मग दादासोंनी डोळा लावला आणि ओरडलेच, "आरं, कालव्याला पानी सुटल्यावर पोरं उड्या टाकत्यात तसं दिसतंय की!" अंजलीनं आकडा सांगितला, शंभरात सत्तर. दादासोंनी त्या दिवशी केंद्रात सगळ्यांना पेढे वाटले. मुलगा झाला तेव्हासुद्धा या माणसानं साखरेवर भागवलं होतं.

इथवरचं सांगताना मला बरं वाटतं. पुढचं सांगताना मान वर होत नाही.

गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, केंद्रावर यंत्रांची पूजा मांडली. आमच्याकडं कोयता-कुदळीपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्याला त्या दिवशी हळदकुंकू लागतं. माझ्या वडिलांनी तर गावात पहिलं इंजिन आलं तेव्हा त्याला पागोटं बांधलं होतं आणि ते पट्ट्यात जाऊन निम्मं पागोटं विहिरीत गेलं. तर अंजलीला मी विचारलं, तुझ्या यंत्राची पूजा करायची का? ती नको म्हणाली नाही. तिच्या घरात ही पूजा नसते, तरी आमच्या समाधानासाठी तिनं मायक्रोस्कोपला आवरण घातलं आणि म्हणाली, "वरून आवरणाला लावा, आबा. आत प्लेटला, काचेला हात लावू नका."

मी व्हय म्हटलं. मी व्हय म्हटलं होतं, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

तेवढ्यात नायट्रोजनची गाडी आली आणि ती बाहेर गेली. मी आवरणाला कुंकू लावलं आणि माझं समाधान होईना. देवाला सोडून पाटाला लावल्यासारखं वाटायला लागलं. आवरण काढलं. प्लेट चकचकीत, कपाळासारखी, आणि नेमकी कुंकवाच्या जागेवर ती पिवळी चिकटपट्टी. ती अलगद सोडवली, वायर बाजूला केली आणि अंगठ्यानं बोट-दोन बोटं कुंकू लावलं. मग भ्यालो, पोरगी रागावेल. धोतराच्या सोग्यानं पुसून काढलं. पुसलं, पण मेणकट कुंकू, प्लेट ओशट झाली आणि पट्टी काही पहिल्या जागेवर चिकटेना. पावलं वाजली. मी ती पट्टी खाली, दिव्याच्या बुडाशी जिथं पत्रा कोरा होता तिथं दाबली, आवरण घातलं आणि हात जोडून उभा राहिलो. मनात म्हटलं, वायर हाय, चिकटली म्हंजे झालं.

दसऱ्याला सकाळी वजीरच्या नव्या घाण्याची तपासणी होती. तीनशे कांड्या. दादासो आपट्याची पानं खिशात घालून आले होते, बरोबर लासुर्ण्याची सहा-सात माणसं. खोलीत एसी चालू आणि माणसांची दाटी. अंजलीनं दिवा लावला, जरा वेळानं डबा लावला, काचा मांडल्या. डबा बघता बघता चाळीसवर गेला.

"आज लवकर तापली," ती म्हणाली. कपाळाला आठी पडली होती. तिनं थर्मामीटरच्या खणाला हात घातला.

दादासो म्हणाले, "मुहूर्त हाय दसऱ्याचा, तापंल न्हाय तर काय! बाई, आटपा, सोनं वाटायला जायचंय."

माझ्या मनात तेव्हा पाल चुकचुकली. डब्याचा हात आता दिव्याच्या बुडाला लागलाय, डबा दिव्याची ऊब मोजतोय आणि प्लेटला वीजच सोडत नाही, हे मला समजायला हवं होतं. मला ते तिनंच समजावून सांगितलं होतं. समजलंही असेल. मी ती पाल हाकलून दिली आणि म्हणालो, "व्हय, आटपा."

तिनं खण लोटला. कांडी कोमट पाण्यात धरली, पुसली, कापली, थेंब काचेवर घेतला आणि डोळा लावला. कितीतरी वेळ मान हलली नाही. दुसरी कांडी घेतली. तिसरी घेतली. मग मान वर केली आणि म्हणाली, "बारा."

"काय बारा?"

"शंभरात बाराच हलतायत. पास होत नाही."

दादासोंचा चेहरा मी आयुष्यात तसा बघितला नव्हता. वळूवाल्या माणसाला चारचौघांत हे ऐकायला लागणं म्हणजे काय, ते वळूवाल्यालाच ठाऊक. बरोबरची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. एकजण हळूच म्हणाला, "वजीराचा प्यादा झाला की." दादासो गरजले, "टाका! माझ्या डोळ्यांदेखत टाका सगळं!" नियमही तोच होता. तीनशे कांड्या तिथंच निकालात निघाल्या.

आणि मला माझ्या दोस्ताचं तोंड बघवेना. काहीतरी बोलून वारं बदलावं, हा माझा जन्माचा स्वभाव. मी त्यांच्या खांद्यावर हात टाकला आणि मोठ्यानं म्हणालो, "दादासो, वळूत खोट न्हाय. पोरीच्या हाताला गुण न्हाय!"

सगळे हसले. दादासोंच्या अंगात जीव आला, तेही हसले. अंजली बेसिनपाशी काचा धूत होती. तिचा हात थांबला, पाणी तसंच वाहत राहिलं.

हातगुण हा आमच्याकडचा शब्द. कुणी पेरलं तर उगवतं, कुणी दूध काढलं तर म्हैस पान्हवते, कुणी पहिला घास भरवला तर पोर धष्टपुष्ट होतं. ते त्याच्या हाताचं देणं. आणि एखाद्याला तो नाही म्हटलं की त्याचं शिक्षण, कष्ट, काही उपयोगाचं राहत नाही. हात कसा बदलणार?

शब्द हसून गेला असता तर गेलाही असता. पण मी त्याची गोष्ट केली. दूध संकलनाच्या रांगेत सांगितली. नागेशच्या दाढीच्या दुकानात सांगितली. एसटी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर सांगितली. दर वेळी चार माणसं खुर्ची ओढून बसायची आणि मला ताव यायचा. पहिल्या दिवशी बारा होते, आठव्या दिवशी शून्य झाले. पंधराव्या दिवशी तर अंजलीनं नुसता हात लावला आणि कांडीतले सगळे आडवे झाले, असं मी सांगितलं. नागेश हसून हसून वस्तरा खाली ठेवून बसला होता.

तिकडं काय चाललं होतं ते मला उशिरा कळलं. गावोगाव कांडी भरणारे डॉक्टर सांगायला लागले की लोक म्हणतात, त्या पोरीच्या हातची नको. केंद्राच्या कांड्या पडून राहायला लागल्या. दादासोंनी वजीरला घरी नेलं. एक दिवस जेवताना विजयसिंह म्हणाला, "आबा, शुक्रवारी बैठक लावलीय. अंजलीच्या जागी दुसरं माणूस बघावं लागंल."

"तिचं काय चुकलं?"

"तिनं सवताच सांगितलं मला. सेन्सर सरकला हुता, थर्मामीटर लावून बघितलं न्हाय, माझी चूक म्हणाली. आता चूक कबूल केल्यावर मी तिची बाजू कशी घेऊ?"

खरं काय ते ओठावर आलं. तरी मी ताटात हात धुतले आणि उठलो.

दुसऱ्या दिवशी तिच्या खोलीत गेलो. ती गोठ्याकडं गेलेली. टेबलावर तिची वही उघडी होती. रोज यंत्र कसं लावलं, डबा किती, काच किती, सगळं ती त्यात लिहायची. पान उलटता उलटता दसऱ्यानंतरचा सोमवार आला. लिहिलं होतं: सेन्सर प्लेटवर नव्हता, दिव्याच्या बुडाशी होता. दसऱ्याची तपासणी गार काचेवर झाली. वजीरचा निकाल चुकीचा. थर्मामीटर लावला नाही, ही माझी चूक.

आणि खाली पुरावा म्हणून ती पिवळी चिकटपट्टी चिकटवलेली. चिकटपट्टीवर लाल अंगठा. माझ्या उजव्या अंगठ्याला कडबाकुट्टीचा आडवा घाव आहे. तो घावसुद्धा कुंकवात उठला होता.

मागं ती येऊन उभी होती.

"तुला म्हाईत हुतं," मी म्हणालो.

"सोमवारपासून."

"मग बोलली का न्हाईस? एवढं समदं मी गावभर..."

"तुम्ही चेअरमनचे वडील. मी सांगितलं असतं तर तुम्ही त्याचीही गोष्ट केली असती, आबा." तिनं माझ्या हातातली वही घेतली, मिटली. "आणि थर्मामीटर लावायचा राहिला, ते खरंच आहे. माझं मी लिहिलं. तुमचं तुम्ही बघा."

शुक्रवारी बैठकीत मी उभा राहिलो. सांगायला सुरुवात केली ती नीट केली: खंडेनवमी होती, आवरण होतं, मी ते काढलं. मग कुणीतरी म्हणालं, "प्लेटला कपाळ म्हणालात का?" आणि दोघं-तिघं हसले. त्या हसण्यानं माझी जीभ सुटली. धोतराचा सोगा आला, पावलांचा आवाज आला, मी हात कसे जोडले ते करून दाखवलं. अख्खी बैठक डोळे पुसत होती. विजयसिंहसुद्धा हसला आणि म्हणाला, "झालं तर मग! आबांचाच परताप. अंजलीताई, तुमी ऱ्हावा कामावर."

अंजली हसत नव्हती. ती उभी राहिली. "राहायचं का नाही, ते मी कळवते," म्हणाली, आणि पिशवी उचलून साडेअकराच्या एसटीनं निघून गेली.

शनिवारी मी अंथुर्ण्याला गेलो. साहेबराव ओसरीवर वाल सोलत बसले होते. एसटीत तीस वर्षं काढलेला माणूस, आवाज कधी चढवायचा नाही. मी रामराम म्हटलं. ते जयभीम म्हणाले आणि खुर्ची पुढं सारली. मी माफीचं बोलायला लागलो, तर त्यांनी सोललेल्या शेंगा बाजूला ठेवल्या.

"आबा, वायर हलली तर हलली. यंत्र हाय, पुन्ना लावता येतंय. पण तुमी हाताचं नाव काढलं. ह्या हातचं नको, त्या हातचं नको, हे आमाला कुणी शिकवायची गरज न्हाय. माझ्या आईनं ते ऐकलं. पोरीला तरी ऐकायला लागू नये म्हणून मी तिला शिकवली."

मी तसं मनात आणलं नव्हतं, असं म्हणणार होतो. पण मी मनात काय आणलं होतं याला आता काही किंमत नव्हती. शब्द लोकांनी ज्या खुशीनं उचलला होता, ती खुशी कुठून आली हे मला कळत होतं, आणि सांगताना मलाही तीच बघून चेव चढत होता.

अंजली आतून आली. म्हटलं, "पोरी, तू सांगशील ते करतो."

"जिथं जिथं सांगितलं, तिथं तिथं जाऊन खरं सांगा. दूध संकलनावर, नागेशच्या दुकानात, टपरीवर आणि दादासोंकडे. पण गोष्ट करून नाही. नुसतं सांगा. कुणी हसलं तर थांबा, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगा."

"आणि मग तू येशील?"

"सोमवारी येते. कामासाठी येते, तुमच्यासाठी नाही."

माणसाला पोहायला येत असेल आणि त्याला सांगावं की हातपाय न हलवता नदी पार कर, तसं माझं झालं. संकलनावर दोनदा सुरुवातीला यावं लागलं. टपरीवर तीनदा. नागेशनं मला बसवलं, गळ्याला कापड गुंडाळलं आणि म्हणाला, "बोला आबा, आज काय नवीन?"

मी म्हणालो, "दसऱ्याला वजीरची तपासणी चुकली ती माझ्यामुळं. नको म्हणलेलं असताना मी यंत्राची वायर काढली. अंजलीचं काम चोख हाय. हातगुणाचं मी बोललो ते खोटं."

नागेश वस्तरा धरून उभा. "पुढं?"

"पुढं काय न्हाय."

"असं कसं? मग काय झालं?"

"एवढंच झालं."

त्यानं निम्मी दाढी होईपर्यंत माझ्याकडं आरशातून बघितलं. मला त्या खुर्चीतून पळून जावंसं वाटत होतं आणि तोंडाला साबण होता.

दादासोंना सांगताना तर दारातच उभा राहिलो. त्यांनी बस म्हटलं नाही. ऐकून घेतलं, वजीरच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाले, "सा-सात माणसांत माझ्या वळूला तू नामर्द ठरवलास. आणि वर माझ्याच खांद्यावर हात टाकलास."

"व्हय."

"सोमवारी वजीरला आणतो. तपासणी त्या पोरीनंच करायची. आणि आबा, तू तितं यायचं न्हाय."

सोमवारी मी घरीच होतो. अंजली आली, यंत्र लावलं, दादासो आले, एवढं कळलं. आकडा किती आला ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. वजीर पुन्हा केंद्रावर आहे, त्यावरून समजून घेतलं. स्टुलावर आता कुणी बसत नाही. कधीतरी गेलो तर अंजली "या आबा" म्हणते, चहा देते. पण यंत्र लावताना तोंडानं सांगत नाही. मी तिच्या मागून बघतो. पट्टी चिकटवते, थांबते, थर्मामीटर लावते, लिहिते. मला अजून खूप विचारायचं असतं.

परवा इंदापूरहून एसटीनं परत येत होतो. शेजारी शेळगावचा एक माणूस बसला. अनोळखी, पण बोलका. निमगाव गेल्यावर म्हणाला, "आजोबा, कन्हेरीच्या कांडीची गंमत ऐकलीय का? तितं एक पोरगी हाय. नुसता हात लावती आणि समदे आडवे!" माझेच शब्द. आडव्याच्या वेळी हात फिरवायची माझी तऱ्हासुद्धा त्याच्यापर्यंत पोचली होती. पुढच्या बाकावरची दोघं वळून हसायला लागली.

"ते खोटं हाय," मी म्हणालो.

"तुमाला काय म्हाईत? तुमी हुता का तितं?"

"हुतो. वायर मी काढली हुती. त्या पोरीचं काम चोख हाय. हाताचं ते मीच बोललो, ते खोटं हाय."

तो माझ्याकडं वळून बसला. म्हणाला, "मग आमच्याकडं तर सगळ्यांना तेच म्हाईत हाय. गेल्या आठवड्यात माझ्या भावानं गाय तशीच ठेवली, कांडी नको म्हणाला. आता त्यास्नी कोण सांगायचं?"

शेळगाव फाटा आला. तो उठला. माझं तिकीट कन्हेरी फाट्यापर्यंतचं होतं.

"थांबा," मी म्हणालो, आणि त्याच्यामागं उतरलो.